जंतूंची गोळी

हरेश्वरचं पोट संपावर गेलं, तोवर गिरणीच्या संपाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. दोन घासांतच भात गळ्याशी यायचा, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडायचं. बायको वारलेली, मुलगा अँटॉप हिलला सासऱ्यांच्या सावलीत. लालबागला कौसल्यावहिनींच्या खानावळीतली पंगत हेच त्याचं गणगोत. पानात टाकलं की वहिनी विचारायच्या, "काय भावोजी, आज इख घातलंय काय मी?"

डॉक्टर म्हणाले, साखरेच्या आजारानं जठर मंदावलंय, अन्न पुढे सरकत नाही. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. मुळात घशा-छातीच्या जंतूंवरचं. पण त्याला एक खोड होती, पोट ढवळायची. इतरांना जो त्रास, तेच हरेश्वरला औषध. अवगुण पाहून नेमणूक झालेली त्यानं याआधी फक्त युनियनमध्ये पाहिली होती.

गोळी लागू पडली. चक्क भूक लागू लागली. जेवणाआधी घ्यायची म्हणून तो ती खानावळीच्या दारातच घ्यायचा. तिथं पंगतीतल्या दगडूनं पाकीट पाहिलं.

"अरे, ही जंतूंची गोळी! तुला काय, टीबी?"

"जंतू नाहीत रे मला."

"मग गोळी काय त्यांच्या वर्षश्राद्धाला घेतोस?"

पंगत हसली. हसता हसता जरा सरकून बसली. कापसानं छात्या पोखरलेली माणसं ती. त्यांना खोकल्याची थट्टा चालायची, शेजार चालत नसे.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरचं पान बाहेर गॅलरीत.

"वहिनी, हवं तर डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर जेवतो काय माझ्याकडे? ही माणसं जेवतात."

वहिनी मायेनं बाहेर जास्तच वाढायच्या. हरेश्वर सगळं संपवायचा. पोट भरायचं. आत कुणीतरी किस्सा सांगायचं, शेवट ऐकू यायचा नाही, नुसतं हसू यायचं.

थोड्याच दिवसांत तो दारात उभा राहिला. "गोळी बंद केली, वहिनी. बरा झालो."

"मग बसा की आत!"

दगडूनं मांडी आवरून जागा दिली आणि फोरमनचा जुना किस्सा काढला. दुसऱ्या घासालाच भात पुन्हा हरेश्वरच्या गळ्याशी आला. तिसरा गिळवेना, तो त्यानं गालात धरून ठेवला. त्यामुळे त्याला हसता येईना. पण मान तो सगळ्यांच्या आधी हलवत होता.