अक्का म्हणेल तसं

सरकारी कचेरीतल्या ब्रिजेटने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा सावकाश. मुलगी बहिणीला स्वखुशीने दिलीत का? मी तो आमच्या टोंगन भाषेत मामाला सांगितला. सेमिसीमामा खुर्चीच्या कडेला बसला होता, तोंड दाराकडे, नजर स्वतःच्या बुटांवर.

बोलणार कसा? शेजारी आई बसली होती. थोरल्या बहिणीसमोर आमच्यातला पुरुष मान वर करत नाही, आणि तिला आपण काही दिलं असं तोंडाने तर कधीच म्हणत नाही. भावाचं मूल मागणं हा तिचा हक्क. आईने मागितलं, मामाने तान्ह्या नाइतेला बारीक विणीच्या चटईत गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तो दूर हेस्टिंग्जला सफरचंदाच्या बागेत कामावर परत गेला. सगळं कुटुंब समोर होतं. अशा गोष्टीचा कागद कोण करतं?

नाइते चार वर्षांची होईपर्यंत कागदावाचून चाललं. आई माँगेरेतल्या एका लाँड्रीत इस्पितळांच्या चादरी इस्त्री करायची. तेवढा वेळ पोर पाळणाघरात असे. फीचा मोठा भाग सरकार भरायचं. मग कचेरीत कुणीतरी विचारलं, ही मुलगी नक्की कुणाची? आईची ठरली नाही तर मदत बंद, म्हणजे पाळणाघर बंद.

मी ब्रिजेटला सगळं समजावलं. तिने नीट ऐकलं. बाई वाईट नव्हती.

"मला पटतंय," ती म्हणाली, "पण मला त्यांचं म्हणणं लिहायचंय. तुमचं नाही."

आईला थोडा वेळ बाहेर बसू दे, तो बोलेल, असं मी सुचवलं. तसं चालत नव्हतं. कुणावर दबाव येऊ नये म्हणून दोघांनी समोरासमोरच सांगायचं, असा नियम होता. ब्रिजेटने प्रश्न बदलला. मुलीला परत सांभाळू शकाल का?

मामा पहिल्यांदाच बोलला, बुटांशी.

"अक्का म्हणेल तसं."

मी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वडील सांभाळायला तयार आहेत, असं ब्रिजेटने लिहून घेतलं.

बाहेर मामा गाडीपाशी लांब उभा राहिला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बकरीसुद्धा मान धरली की ओरडते. हा नाही." मग पिशवीतून अळूच्या पानात शिजवलेल्या मटणाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "जा, दे त्याला. आणि विचार, सकाळपासून काही पोटात गेलंय का."

मदत थांबली, पाळणाघर बंद झालं. मी तेव्हा वेलिंग्टनला नर्सिंग शिकत होते, कचेरीतल्या त्या भेटीपुरतीच आले होते. शिक्षण सोडून येते म्हटलं, तर आईने फोनच ठेवला. चर्चमधली एक शेजारीण काही दिवस नाइतेला बघत होती. तिलाही काम लागलं. मग आईने पोरीला लाँड्रीत नेलं, कपड्यांच्या ढकलगाडीत धुतलेल्या चादरींवर बसवलं. नाइतेला फार आवडलं म्हणे. मुकादमाने दोन दिवस न पाहिल्यासारखं केलं, तिसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "कालो, इथे वाफ आहे. पोर भाजली तर मी कुठे तोंड लपवू?" त्याचंही खरं होतं. काम सोडावं तर घराचं भाडं कुठून द्यायचं?

आईने मला मामाला निरोप द्यायला सांगितलं. मुलीला घेऊन जा. तो म्हणाला, बरं.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. लोक भेटायला येतात, तिच्या आवाजाबद्दल, हसण्याबद्दल बोलतात. मला नाइतेला मामाबरोबर पाठवलं त्या दिवशीचं बसस्थानक आठवतं. आई बाकावर बसलेली, नाइते तिच्या गुडघ्यांमध्ये पाठमोरी. आई तिचे केस इतके ताणून विंचरत होती की पोरीच्या भुवया वर ओढल्या जात होत्या.

"आई, दुखतंय."

"दुखू दे. वेणी घट्ट हवी. तिकडे रोज कोण घालून देणार?"

बस लागली तेव्हा एक वेणी झाली होती, दुसरी अर्धी. मामा दाराशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. माणसं चढली, सामान चढलं. ड्रायव्हरने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

आईने अर्धी झालेली वेणी सोडली आणि पुन्हा मुळापासून घालायला घेतली.