आत्याचं वजन

“रोज किती घेता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेला आत्याचा दादा एकदम खिडकीबाहेर बघायला लागला.

“फार नाही,” आत्या म्हणाली. “काम संपलं की दोन बाटल्या बिअर. कधी तीन. पण मी दारुडी नाही हं डॉक्टर. इतकी वर्षं क्रेन चालवतेय, चढायच्या आधी थेंब घेतला नाही कधी.”

ते अगदी खरं होतं. अर्धवट इमारतीच्या डोक्यावर, काचेच्या केबिनमध्ये बसून ती टनावारी लोखंड असं अलगद खाली उतरवायची की खालच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. साइटवर तिला सगळे ‘वरच्या बाई’ म्हणत. दिवसभर बसून आणि संध्याकाळी पिऊन वरच्या बाई चांगल्याच ऐसपैस झाल्या होत्या, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

“रक्तगट जुळतो, हृदय ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण यकृतात चरबी साठलीय, आणि खूप साठलीय. असलं यकृत कापून अर्धं भाचीला दिलं तर तिचंही भागणार नाही आणि तुमचंही.”

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. भाची पंधरा वर्षांची. कुठल्याशा जुनाट आजारानं तिचं यकृत आक्रसत चाललं होतं. डोळे पिवळे, पाय काडीसारखे, आणि जिभेचा तिखटपणा मात्र जिथल्या तिथे. दादाचा रक्तगट जुळला नाही. वहिनीला मधुमेह. जन्मात दारूला न शिवलेल्या दादाच्या लेकीचा जीव अडकून बसला होता तो त्याच्या पिणाऱ्या बहिणीपाशी. ‘तोंडाला वास असेल तर माझ्या घरी यायचं नाही,’ असं त्यानंच तिला एकदा बजावलं होतं. तेव्हापासून ती फक्त सुट्टीच्या सकाळी जायची.

“दोन महिने थांबता येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “दारू बंद, वजन कमी. मग परत तपासू. यकृत मोठं गुणी असतं, जरा उसंत दिली की सावरतं.”

आत्या हट्टाला पेटली. पण हिशेब तिनं आपल्या डोक्यानं केला. अंग सुटतं ते खाण्यानं, बिअर काय, पाणीच ते, येईल तसं जाईल, अशी तिची पक्की समजूत. क्रेनखाली उभा राहून हातवारे करणारा सिग्नलवाला हा तिचा संध्याकाळचा सोबती. त्यानंही मान डोलावली. “जेवण सोडा बाई. बिअर म्हणजे जवाचा काढा, औषधच!” मग आत्यानं रात्रीचं जेवण बंद केलं आणि दोन-तीन बाटल्यांवरून एकीवर आली. रिकाम्या पोटी ती एकच बाटली तिला फार मोठा त्याग वाटायची. महिन्याभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेव्हा ती पट्टा मिरवत साइटभर फिरली.

महिन्यानंतरच्या मधल्या तपासणीला दादा आणि वहिनी दोघंही आले होते. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि खूश झाल्या. मग पडद्यावर यकृत बघितलं आणि मागचा रिपोर्ट काढून शेजारी धरला.

“चरबी जवळजवळ तेवढीच आहे. दारू सोडलीत ना?”

आत्याच्या मनात आलं, हो म्हणून टाकावं. दादा समोर होता. पण आपण खोटं बोललो तर ते पोरीच्या पोटात शिवलं जाईल, हे तिला लख्ख दिसलं.

“कमी केली,” ती म्हणाली. “एक घेते. त्याच्या बदल्यात जेवत नाही.”

“अहो, उलटंच केलंत की!” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “दारू पोटात गेली की यकृत हातातलं सगळं काम टाकून आधी तिच्यामागे लागतं. चरबी जाळायची राहते आणि तिथंच साठते. वर त्या एका बाटलीत जवळजवळ अर्ध्या जेवणाचा ऐवज असतो. तुम्ही जेवण सोडलंत आणि नेमकं नको ते ठेवलंत.”

दादाचा इतके दिवस दाबलेला पारा बाहेरच्या बोळात चढला. “एक बाटली सुटत नाही तुला? माझ्या पोरीपेक्षा ती एक बाटली जड झाली?”

आत्यानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. आपण मूर्ख आहोत हे तिला मान्य होतं, पण आपलं पोरीवर प्रेम नाही हे तिला सहन होत नव्हतं, आणि ते बोलायला गेली तर रडूच फुटलं. वहिनीनं तिचा हात धरला. “आता रडू नका. संध्याकाळी सुटलात की सरळ घरी यायचं. माझ्या हातचं जेवायचं. बाकीचं मी बघते.”

पहिले काही दिवस फार वाईट गेले. संध्याकाळ झाली की घसा कोरडा पडायचा, हात चाळवायचे, उगाच कुणावर तरी खेकसावंसं वाटायचं. साइटच्या फाटकासमोरच्या बारमधून सिग्नलवाल्यानं हाक मारली, “वरच्या बाई, अहो एकानं काय होतंय?”

आत्या थांबली. पाय वळलेही होते. मग म्हणाली, “माझ्यातल्या एका अवयवावर आता पोरीचं नाव लागलंय. दुसऱ्याची वस्तू मी नासवणार नाही.” आणि ताडताड निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कामगारांची लिफ्ट सोडली आणि क्रेनच्या खांबातल्या शिडीनं चढायला लागली. पहिल्या दिवशी चौथ्या टप्प्यावर बसकण मारून तिनं क्रेन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आदल्या संध्याकाळी खजील झालेला सिग्नलवाला तिच्या पाण्याची बाटली घेऊन मागोमाग चढला आणि तिच्याही खाली बसला. “बाई, मरतो मी!” “मर, पण बाटली वर दे आधी!” हळूहळू टप्पे वाढले. एके सकाळी ती न थांबता केबिनपर्यंत पोचली आणि तिनं भोंगा असा वाजवला की मुकादम घाबरून बाहेर धावला.

संध्याकाळी दार उघडताना दादा नाकानं खोल श्वास घ्यायचा. ते ओळखून आत्या तोंड पुढे करून त्याच्या नाकाशी ‘हाऽऽ’ करायची. भाची आतून खिदळायची. “आत्या, तुझी एक हनुवटी गेली गं! दुसरीला कधी निरोप देतेस?” असं करता करता एका संध्याकाळी दादानं दार उघडलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, “पुरे झाली नाटकं. आत ये, ताट वाढलंय.” आत्यानं त्या दिवशी ताट चाटूनपुसून रिकामं केलं.

मग दोन महिने भरले आणि ती शेवटची तपासणी आली. भाचीला तेव्हा उठून बसवतही नव्हतं. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत्याला वाटलं, गेलं सगळं.

“हे त्याच बाईचं यकृत आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे पास. चांगलं घसघशीत पास! याच आठवड्यात शस्त्रक्रिया.”

आत्यानं जी आरोळी ठोकली ती साइटवरची होती. बाहेर बसलेले पेशंट दचकले, वहिनी हसता हसता रडली, आणि दादानं भर दवाखान्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्या बहिणीला मिठी मारली.

शस्त्रक्रिया पार पडली. काही दिवसांनी भाचीला साध्या खोलीत आणलं, तेव्हा आत्या तिला भेटायला निघाली. नर्सनं चाकाची खुर्ची आणली. आत्यानं ती ढकलून दिली. टाके ओढत होते, कंबर वाकली होती, दर चार पावलांवर भिंत धरावी लागत होती, पण चालली ती स्वतःच्या पायांनी. दादा एका बाजूनं सलाइनचा दांडा सरकवत होता.

भाची उशीला टेकून बसली होती. मास्कच्या वर तिचे डोळे पांढरेशुभ्र. “मला भूक लागलीय,” ती म्हणाली. “सारखी लागते. तुझंच काम हे.” आणि कुशीवर होत ती सरकली. “बस ना आत्या.”

आत्या कॉटवर बसली. बसल्यावरही शेजारी जागा उरली. तिनं त्या जागेवर थाप मारली आणि दादाकडे बघितलं. दांडा हातात धरून तो अवघडून उभा होता. मग तोही येऊन बसला.