चारशे सतरा नंबर

होणाऱ्या सासऱ्यांसमोर बसायची तालीम तीन आठवडे चालली होती. मिस्त्री खुर्चीत बसायचा, ती समोर बसायची आणि स्वतःला आपले वडील समजून त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारायची. ती एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला होती. दिवसाला दोनशे माणसांकडे बघून हसण्याचा तिला पगार मिळायचा, त्यामुळे पहिली छाप कशी पाडावी यात आपला शब्द शेवटचा, असं तिचं ठाम मत होतं. नियम एक: समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं, तोंडाकडे नाही. नियम दोन: नखं घासून यायचं. नियम तीन: कवळी हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

तिन्ही नियमांचं मूळ एकच होतं. मिस्त्री कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या बोळक्या तोंडांची मापं घेऊन लॅबमध्ये पाठवून देत. तिथे तळमजल्यावरच्या लांबट खोलीत बसून मिस्त्री त्या मापांवरून प्लास्टरचे साचे काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जमवायचा. चौदा वर्षं हेच. नखांत प्लास्टर, बाहीवर गुलाबी ठिपके आणि माणूस भेटला की आधी त्याच्या दातांकडे नजर. मिस्त्री हे नाव लॅबमधल्या सोबत्यांनी ठेवलेलं होतं आणि त्याला ते आवडायचं.

तिला आवडत नव्हतं. "मुलगा काय करतो?" असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "दातांचं काम करतो." आईने वडिलांना सांगितलं, डॉक्टर आहे. वडिलांनी सगळ्या जिन्याला सांगितलं, मोठा डॉक्टर आहे. तिने फक्त कुणाचं खोडून काढलं नाही, एवढंच.

"मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? बाबा विचारत नाहीत, सांगतात. तू फक्त हस."

"आणि कळल्यावर नाही म्हणाले तर?"

"त्यांना दुखावून लग्न करायचं धाडस माझ्यात नाही. तुला आधीच सांगितलंय मी."

सांगितलं होतं खरं. म्हणजे रविवारी तिच्या घरी ठरलेल्या एका जेवणावर सगळं लटकलेलं. पण मिस्त्रीला त्याहून जास्त लागलं होतं ते दुसरंच. हिला आपण हवे आहोत, पण आपले हात नको आहेत, हे त्याला झोंबत होतं, आणि नखं घासता घासता ते जास्तच झोंबत होतं.

रविवारी दुपारी बरोबर साडेबाराला त्याने तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवली; त्याला घ्यायला खाली आलेली ती मागे उभी होती. दार तिच्या वडिलांनी उघडलं. ते निवृत्त वजनमाप निरीक्षक होते. दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात हयात गेली होती आणि अजूनही ते माणसाकडे बघत ते त्याचं वजन शंभर ग्रॅमने कमी भरतंय की काय अशा नजरेने. घरात आणि जिन्यात सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांनी पाहुण्याला पायांपासून केसांपर्यंत जोखलं आणि मग ते मोठ्याने हसले.

मिस्त्रीचा पहिला नियम तिथेच, उंबऱ्यावर मोडला.

वरचा डावा सुळा किंचित पुढे झुकलेला. त्याच्या शेजारच्या दातावर चहाचा पिवळट डाग. हा डाग मिस्त्रीने स्वतःच्या हाताने, सगळ्यात बारीक ब्रश घेऊन भरला होता. चौदा वर्षांतलं त्याचं सगळ्यात सुरेख काम समोर उभं राहून "या, या, डॉक्टर!" म्हणत होतं.

चारशे सतरा नंबर. तो कसा विसरेल! लॅबमध्ये नावं येत नाहीत, नंबर येतो. या नंबराने वर्षापूर्वी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. पहिल्यांदा मेणातला नमुना परत आला, सोबत चिठ्ठी: दात फार पांढरे आहेत. दुसऱ्यांदा चिठ्ठी: दात फार सरळ आहेत, शेजाऱ्यांना संशय येईल. तिसऱ्यांदा: हसताना मी श्रीमंत दिसतो, निवृत्त दिसत नाही. मिस्त्रीने त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडली, आणि मग हट्टाला पेटून असे दात केले की साक्षात डॉक्टरांनीही दोनदा बघितलं. आणि आता तो हात पुढे करायचं विसरून त्या दातांकडे बघत होता, हरवलेलं पोर बाजारात अचानक दिसावं तसा. तिने मागून त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात एक पितळी तराजू ठेवलेला होता, रोज पुसलेला. साहेबांनी मिस्त्रीला त्याच्या समोरच बसवलं.

"या घरात एक ग्रॅमसुद्धा खोटं चालत नाही, डॉक्टर. हिला विचारा."

'हिला' म्हणजे आईंना. आई सूपचं भांडं घेऊन येत होत्या. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "जेवायला चला."

जेवताना साहेबांनी दातांवर व्याख्यान दिलं. सकाळी मिठाचं कोमट पाणी, पाच मिनिटं चूळ, मग बोटाने हिरड्या चोळायच्या. "अडुसष्ट पूर्ण झाली. बत्तीसच्या बत्तीस माझे आहेत," ते म्हणाले आणि चमच्याने पुढच्या दातांवर टक टक वाजवून दाखवलं. "दात राखावे लागतात. विकत मिळत नाहीत."

मिस्त्रीने सूपमध्ये तोंड घातलं. बत्तीस नव्हते, अठ्ठावीस होते. त्याने मोजून बसवले होते.

साहेबांनी सफरचंद घेतलं आणि त्याच्या कागदासारख्या पातळ फोडी केल्या. फोड पुढच्या दातांनी न तोडता गालाशी सरकवून ते सावकाश चावू लागले. बरोबर आहे, असंच खायला सांगतात, मिस्त्रीच्या मनात आलं. खालची जरा सैल झाली असावी. बोलताना जीभ तिला दाबून धरत होती. त्याचे हात शिवशिवायला लागले.

"आता आमच्या खालच्या मजल्यावरचे ते शिंपी," साहेब म्हणाले. "पासष्टीला कवळी! बोलले की वाजते. ज्याला स्वतःचे दात सांभाळता आले नाहीत, तो घर काय सांभाळणार? आणि त्या कवळ्या करणारे तरी कोण असतात हो? गवंडीच की! प्लास्टर कालवायचं, ठोकळे चिकटवायचे, झालं."

टेबलाखाली तिचा पाय मिस्त्रीच्या पायावर येऊन घट्ट बसला. मिस्त्रीच्या कानशिलांत रक्त चढलं. चहाचा तो डाग भरायला त्याला अख्खी दुपार लागली होती.

"बरं, तुम्ही आजवर किती दात उपटलेत, डॉक्टर?" साहेबांनी हसत विचारलं.

विचारलं, अगदी सरळ विचारलं.

"एकही नाही," मिस्त्री म्हणाला. "मी डॉक्टर नाही, काका. मी कवळ्या बनवतो."

तिचा पाय त्याच्या पायावरून निघून गेला. साहेबांनी रुमाल ताटाशेजारी ठेवला आणि ते उभे राहिले.

"माझ्या घरात," ते म्हणाले, "माझ्या टेबलावर बसून फसवणूक? तीस वर्षं मी खोट्याला घराच्या बाहेर ठेवलं. उठा तुम्ही."

मिस्त्री उठला. आणि तेवढ्यात, तिने तालमीत कधीच न शिकवलेली गोष्ट झाली. तीही उठली.

"तो नाही खोटं बोलला, बाबा. मी बोलले. त्याच्या कामाची मला लाज वाटत होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते."

मिस्त्रीला एकदम भरून आलं. त्या क्षणी त्याला घराबाहेर काढलं असतं तरी चाललं असतं.

"बसा हो सगळे, जेवण गार होतंय," आई म्हणाल्या. मग मिस्त्रीकडे वळून, जणू काहीच झालं नाही अशा सुरात, "मला सांगा, अवघड असतं का हो ते काम?"

"गवंडीकामात कसलं आलंय अवघड!" साहेब गुरगुरले, पण आईंनी खुर्ची ओढल्यावर बसले.

मग मिस्त्री बोलला. तीन आठवडे कोंबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "काकू, एकदा एक गिऱ्हाईक आलं होतं. तीन वेळा काम परत पाठवलं त्यांनी. दात फार पांढरे आहेत म्हणाले."

साहेबांचा चमचा हवेतच थांबला.

"मग म्हणाले, फार सरळ आहेत, शेजाऱ्यांना संशय येईल. शेवटी मी डावा सुळा थोडा वाकवला. शेजारी चहाचा डाग भरला."

"अगं बाई! मुद्दाम डाग?" आई म्हणाल्या. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "कोण होते ते?"

"नाव कळत नाही आम्हाला. फक्त नंबर. आतल्या बाजूला, टाळूपाशी कोरलेला असतो. चारशे..."

साहेबांची जीभ आपसूक टाळूला लागली. तोंडावरचा रंग उतरत उतरत पार गेला.

"पुरे!" ते ओरडले. मग घसा खाकरून म्हणाले, "पुरे. म्हणजे माझी खात्री पटली. मुलगा प्रामाणिक आहे. पसंत आहे मला."

मुलगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. आईंनी मिस्त्रीला आणखी एक बटाटा वाढला.

दोघं हात धुवायला गेल्यावर साहेबांनी न्हाणीघराचं दार लोटून घेतलं आणि नळ सोडला.

"हे बघा," ते कुजबुजले, "लग्न करा, खुशाल करा. पण लोकांत तुम्ही डॉक्टरच. कवळ्यावाला जावई म्हटलं की माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागतील."

"मी खोटं बोलणार नाही, काका."

"तुम्ही नका बोलू. मी बोलतो." साहेबांनी नळ आणखी सोडला. मग खालच्या आवाजात विचारलं, "डावीकडे खाली जरा टोचतं. काही करता येईल?"

"घासून देतो," मिस्त्री म्हणाला. दिवसभरात त्या माणसाने त्याला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

निरोप घेऊन दोघं जिना उतरू लागली. साहेब आणि आई वर कठड्याशी उभे होते. खालच्या मजल्यावर शिंपीकाका दारात पायपुसणं झटकत होते.

"बघा हो, आमचे होणारे जावई!" साहेबांनी वरून हाळी दिली, तीन मजल्यांना पुरेल अशी. "मोठे डॉक्टर आहेत!"

शिंपीकाका हसले. त्यांची कवळी मिस्त्रीने बघितली. ठोकळे, नुसते ठोकळे, कुणी केलेत कुणास ठाऊक. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. सांग.

"डॉक्टर नाही हो काका, साहेब कौतुकाने म्हणतात," मिस्त्री म्हणाला. "मी कवळ्या बनवतो."

शिंपीकाकांचा चेहरा उजळला. त्यांनी पायपुसणं खाली टाकलं, मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरला आणि वर मान करून आनंदाने ओरडले.

"अहो साहेब, मग तुमची यांनीच केली का? तरीच! सगळा जिना म्हणतो, काय सुबक काम आहे! माझी पण यांच्याकडूनच करून घेतो आता!"

वरून टक् असा एकच आवाज आला. साहेबांनी तोंड मिटलं होतं. ते वळले, आणि त्यांच्या त्या पाठीत मिस्त्रीला मघाचा होकार मागे घ्यायची सगळी तयारी दिसली.

आईंनी नवऱ्याची बाही धरली.

"अहो," त्या म्हणाल्या, तेवढ्याच मोठ्या आवाजात, तीन मजल्यांना पुरेल अशा, "मुलगा पसंत आहे म्हणालात ना मघाशी? आपल्या घरात खोटं चालत नाही."