जात्यावरचं दुःख

"आवाज काढ, मैने. मुकं जातं जड चालते."

केव्हाची गेलेली माय कानाशी येऊन बोलावी तसा तो आवाज आला. मैनाबाईनं जात्याच्या तोंडात हरभऱ्याच्या डाळीची मूठ टाकली, खुंटा धरला, ओठ उघडले. पण आज गळ्यातून काही निघेना. जातं नुसतंच घरघरत राहिलं.

स्वयंपाकघराच्या दारातून सून डोकावली.

"आज गाणं नाही, माय?"

"घसा बसला, शकू."

शकूनं चुलीकडे वळून पुरीच्या पिठात उगाचच आणखी मोहन घातलं. सासूच्या वाटेवरच्या शिदोरीच्या पुऱ्या होत्या त्या. दुपारच्या पॅसेंजरनं हिरालाल आईला गावी पोचवायला निघाला होता.

गाव आमगावच्या पुढं, धानाच्या बांध्यांमधलं. नवरा गेल्यावर मैनाबाई तिथं दिराच्या घरातल्या पडवीत राहत होती. मग हिरालालनं तिला भिलाईला आणलं. तो तिथल्या पोलाद कारखान्याच्या उभारणीत खलाशी होता. राक्षसाएवढ्या लोखंडी तुळया दोरखंडांनी वर चढवायच्या, हे त्याचं काम. कामगार वसाहतीतल्या एका सेक्टरमध्ये दोन खोल्यांचा क्वार्टर मिळाला होता. येताना मैनाबाईनं एकच हट्ट केला, जातं सोबत पाहिजे. हिरालालनं ते मालडब्यातून आणलं, तेव्हा स्टेशनवरचा हमाल म्हणाला होता, "अम्मा, यहाँ पत्थर कम हैं क्या?"

गेल्या आठवड्यात जेवताना, ताटातून नजर न उचलता हिरालाल म्हणाला होता, "माय, तुले गावाले नेऊन देतो. काकाचाही निरोप आला."

"बरं," ती म्हणाली होती.

त्या एका शब्दावर सगळं ठरून गेलं. घर लहान आहे, मैनाबाईनं मनाशी म्हटलं. तरणी माणसं आहेत. पोराच्या घरात आपली जागा मागून घ्यायची नसते. त्यानं म्हटलं 'राहा' तर राहायचं. तो तसं म्हणेल म्हणून तिनं आठवडाभर वाट पाहिली. रोज त्याच्या ताटात भाकरी वाढताना क्षणभर हात थांबवला. तो खाली मान घालून जेवत राहिला.

आता पीठ चाळून तिनं डब्यात भरलं. तेवढ्यात क्वार्टरांच्या पुढच्या ओळीतल्या रत्नमालाबाई आल्या. त्यांचे यजमान कारखान्याच्या ऑफिसात कारकून होते. दुपारी शिफ्टची माणसं गेली की या बाई आपल्या ओट्यावर बसून कादंबरी मोठ्यानं वाचायच्या आणि ओळीतल्या बायका तांदूळ निवडत ऐकायच्या. मैनाबाईला अक्षर येत नव्हतं. पण वाचनाला पहिली येऊन बसायची तीच. तांदूळ हातातच राहायचे. सध्याच्या गोष्टीत एका बाईचा नवरा रंगूनला गेला होता आणि ती रोज बंदरावर जाऊन उभी राहायची.

"मैनाबाई, तुमची गोष्ट अर्धी राहिली हो. शेवट सांगून टाकू का? मी पुढचं वाचलंय."

मैनाबाईनं झटकन हात वर केला.

"नका सांगू, बाई. असा सांगितलेला शेवट म्हंजे गाडी गेल्यावरचा धूर. तिच्या संगं रोज बंदरावर जाऊन उभं राहिल्याशिवाय मले काय समजन?"

 रत्नमालाबाई हसून म्हणाल्या, "आणि सिनेमाला आता पडद्यामागं कोण बसेल?"

यावर शकूही हसली. महिन्यातून एकदा मैदानावर पांढरा पडदा ताणून सिनेमा दाखवायचे. पुढं गर्दी फार, म्हणून बायका पडद्याच्या मागच्या बाजूला बसायच्या. मागून सगळं उलटं दिसे. पहिल्या खेळाला मैनाबाई भर सिनेमात ओरडली होती, "काय मेला माणूस हा! एवढा साहेब, अन् डाव्या हातानं जेवते!" मागून दिसतं म्हणून तसं, हे तिला रत्नमालाबाईंनी समजावलं. तरी ती तिथंच बसत राहिली. तिकडं वारा येतो, म्हणायची.

दाराशी सायकलरिक्षा येऊन उभी राहिली. मैनाबाईनं शकूच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

"जातं राहू दे इथंच. बेसन घरचंच करत जाय."

शकूनं मान हलवली आणि पदर तोंडाशी धरून आत पळाली.

जवळच्या दुर्ग स्टेशनच्या फलाटावर ऊन पसरलं होतं. पॅसेंजरला उशीर होता. ट्रंकेवर मैनाबाई बसली, शेजारी हिरालाल उकिडवा. केळी आणून त्यानं तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं एक सोलून त्यालाच दिलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं.

"डोंगरगडच्या पुढं बोगदा लागते," तो म्हणाला. "घाबरू नको."

"येताना पाह्यला मी. मले आवडला."

रुळांपलीकडं एक मालगाडी लोखंड घेऊन सावकाश गेली.

"गावाले गेल्यावर बरं वाटन तुले," हिरालाल म्हणाला. "इथं लय कष्टी होती तू. मले समजत नव्हतं असं नाही, माय. मी ऐकत होतो."

"काय ऐकत होता?"

"रातपाळीहून येऊन पडलो का तू जात्यावर बसे. भिंतीतून सारं ऐकू ये." त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आवाज अगदी खाली आणला आणि अडखळत, चाल न धरता म्हटलं:

"लोखंडाच्या मुलुखात पाखराले नाही झाड,
माझ्या गावाच्या वाऱ्या, मले एक हाक धाड."

केळाची साल त्याच्या बोटांत चुरगळली.

"रोज असंच काही तरी. म्हटलं, माह्यापाशी बोलत नाही, दगडापाशी बोलते. मंग मी कोणत्या तोंडानं तुले ठेवून घेऊ?"

मैनाबाईचे खांदे हलू लागले. हिरालालला वाटलं, रडते आहे. तो घाईनं जवळ सरकला. तर ती हसत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. बाजूचा पानवालासुद्धा वळून पाहू लागला.

"अरे येड्या! जात्यावर कोणी सुखाचं गाते का? दळाले बसलं का दुःखाचंच गाचं असते. सुखाचं गायलं का दीठ लागते त्याले. तुहा बाप समोर खाटेवर बसून चहा फुरकावत राहे, अन् मी आपली गावो, 'कंथ गेला परदेशी, सेज माही सुनी.' तो म्हणे, अवं, कप तरी घेऊन जाय माहा, मी परदेशी जाच्या आधी!"

हिरालालच्या ओठांचा कोपरा हलला.

"खरंच?"

"अन् मागं त्या सिनेमातली बाई मेली, तं तू काय सुतक पाळलं? पुढच्या महिन्यात दुसऱ्या खेळात नवी साडी नेसून नाचत होती ते." तिनं डोळे पुसले. "लोखंडाच्या मुलुखात पाखराले झाड नाही! आपल्या दारातला कडुलिंब छपराले लागला, तो नाही दिसला तुले? गाणं जुळलं म्हणून गायली मी. चांगलंच जुळलं होतं."

"चांगलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तं झोप ये नाही."

सिग्नल पडला होता. फलाटावरची माणसं गाठोडी उचलू लागली, कोणी कोणाला हाका मारू लागलं. हिरालाल उठला. खिशावरून, तिकिटं होती तिथून, त्यानं हात फिरवला. आईकडे पाहिलं. ती चपला पायांत सरकवत होती, सावकाश, डावी सरकवून झाल्यावर पुन्हा काढून. त्यानं चुंबळ केली आणि ट्रंक डोक्यावर घेतली.

इंजिन फुसफुसत समोरून गेलं. डबे थांबले. एका दारातून बायका उतरल्या, दार मोकळं झालं. आतून कोणी तरी ओरडलं, "चढो, चढो, माताजी!"

हिरालालनं पायरीवर एक पाय ठेवला. त्याचा सदरा मागून कोणी तरी घट्ट धरला होता.

"हिरा," मैनाबाई म्हणाली, "उतर खाली. मले नाही जाचं."

तो तसाच उभा राहिला. मग पायरीवरचा पाय त्यानं काढून घेतला. ट्रंक खाली ठेवलीच नाही. डोक्यावर घेऊन गर्दीतून उलटा, फाटकाच्या दिशेनं भराभरा चालू लागला, जणू उशीर झाला तर आई विचार बदलेल. मैनाबाई सदरा न सोडता मागोमाग. डोक्यावर ओझं, मान वळवता येत नव्हती. म्हणून असेल, पुढं बघतच तो म्हणाला,

"मलेबी तुले धाडाचं नव्हतं, माय."