हाडं माझी

लग्नाआधी नायजेरियातल्या इबादानच्या मोरेनिकेनं आणि लानरेनं रक्त तपासलं, तेव्हा दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक निघाले. पास्टरनं लग्न लावायला साफ नकार दिला. लानरेच्या बहिणीनंही हात जोडून पाहिले. पण दोघं ऐकेनात. त्यांनी परगावी जाऊन लग्न केलं, आणि बहिणीनं भावाच्या घराची पायरी चढणं सोडलं.

त्यांची थोरली मुलगी एबुन तो आजार घेऊनच जन्मली. थंड वारं सुटलं, की तिची हाडं ठणकायची आणि ती रात्ररात्र विव्हळायची.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी हा आजार आईवडिलांकडून मुलांत कसा येतो, ते फळ्यावर समजावलं. एबुन घरी आली, तेव्हा मोरेनिके अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळत होती.

"आई, लग्नाआधी तुमची तपासणी झाली होती?"

"झाली होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मोरेनिकेनं कढईवरची नजर काढली नाही. "चारांत एखादंच मूल आजारी निघतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आमचं फार प्रेम होतं गं."

"प्रेम तुमचं आणि हाडं माझी," एबुन शांतपणे म्हणाली. "छान वाटणी केलीत."

त्याच आठवड्यात तिला पुन्हा कळा सुरू झाल्या. मोरेनिके गरम फडकं घेऊन पायांशी बसली, तशी एबुननं पाय ओढून घेतले.

"तू हात लावू नकोस. आत्याला बोलाव, तिनं तरी तुम्हाला अडवलं होतं."

इतक्या वर्षांनी आत्या त्या घरात आली. तिनं मोरेनिकेच्या हातातून फडकं घेतलं आणि म्हणाली, "तू बाहेर बस."

मोरेनिके उंबऱ्याबाहेर बसून राहिली. आत एबुन कण्हत होती आणि हाक मारत होती ती आत्याला.