येतानाची ओळ

घरातल्या गुळगुळीत लाद्या ठकीला कधी आवडल्याच नाहीत. दार किलकिलं दिसलं की स्वारी उंबरठा ओलांडून थेट अंगणात, सिमेंटच्या खरखरीत कोब्यावर. नऊ महिन्यांची पोर ती, पण रांगण्याचा वेग असा की मागे धावणाऱ्याची दमछाक व्हावी. संध्याकाळी दोन्ही गुडघे सोललेले.

"बाहेर घालायला काहीतरी आणा बाई आता," सासूबाई म्हणाल्या. "एक प्लास्टिकची चटई उचला आणि मोकळे व्हा."

पण ठकीच्या बाबाच्या डोक्यात वेगळंच होतं. घरात नवं प्लास्टिक आणायचं नाही, आधीच जे पडलंय त्यातूनच बनवलेलं काहीतरी घ्यायचं. त्याने एका कारखान्याचा पत्ताही शोधून ठेवला होता.

"पोरीचे लंगोट वाळत घालायचा उरक नाही," सासूबाई सुनेला म्हणाल्या, मुलाला ऐकू जाईल अशा बेताने, "आणि निघालाय जगाचा कचरा आवरायला!"

तरी शनिवारी सकाळी तिघी निघाल्या. सासूबाई, सूनबाई आणि सूनबाईच्या कडेवर ठकी.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबच लांब शेड. एका भिंतीला टाकाऊ मालाच्या गोण्या, दुसऱ्या भिंतीला तीन माग. मागावरची बाई पन्नाशीची, हाताला चिकटपट्ट्या लावलेली, बोटं मात्र पाण्यासारखी चालणारी. सगळे तिला मावशीच म्हणत.

"कुठे घालायची आहे? ऊन किती? पाऊस लागतो?" मावशीने डॉक्टरसारखे प्रश्न विचारले.

"ऊन दुपारपर्यंत. आणि ही बया रांगणार आहे तिच्यावर," सूनबाई म्हणाली.

मावशीने एकेक सतरंजी उलगडायला सुरुवात केली. पिशव्यांच्या पट्ट्यांची होती ती रंगीत, पण पाय ठेवला की चुरचुर वाजायची. टायरच्या ट्यूबची मजबूत, पण उन्हात तापली की वास मारेल असं मावशीनेच सांगून टाकलं. जुन्या जाळ्यांच्या दोरीची तर पायपुसण्याइतकी टोचरी. बाटल्यांच्या धाग्याची मात्र मऊ निघाली, लोकरीसारखी.

"हीच घ्या," सासूबाई म्हणाल्या. "चटई घ्यायला आलोय, मुलगी बघायला नव्हे. किती उलटसुलट करायचं?"

आणि एवढ्यात ठकी सूनबाईच्या हातून निसटली. बाटल्यांची सतरंजी ओलांडून, जाळ्यांची ओलांडून ती रांगत गेली शेडच्या कोपऱ्यात. तिथे एक सतरंजी अर्धवट उलगडून पडली होती. गडद तपकिरी, जवळजवळ काळी. तिच्यावरून उजेड सरकत होता, विहिरीतल्या पाण्यावरून सरकतो तसा. ठकी तिच्यावर पालथी पडली, गाल टेकला आणि गप्प झाली. ही पोर झोपेतसुद्धा गप्प नसायची.

"ती कशाची?" सूनबाईने विचारलं.

"कॅसेटच्या फितीची," मावशी म्हणाली. "पाण्याने खराब होत नाही, मऊ आहे, चांगली टिकते. पण ती मी ऐकवल्याशिवाय कुणाला देत नाही. आत काय आहे ते घेणाऱ्याला माहीत असायला हवं. एका बाईंनी न ऐकता नेली होती. आठ दिवसांत परत आणून दिली. म्हणाल्या, सतरंजीवर एकटं बसवत नाही."

सूनबाईने वाकून फितीवरून बोट फिरवलं.

तिची आई अंधशाळेसाठी पुस्तकं वाचायची. शाळेतली, धड्यांची. रोज दुपारी टेपरेकॉर्डरसमोर बसून ती कॅसेटी भरायची, वीस वर्षं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती. गेल्या वर्षी वडिलांनी घर बदललं तेव्हा फोन केला होता. "खोकंभर कॅसेटी आहेत गं आईच्या. काय करू?" सूनबाईला तेव्हा सातवा महिना, पाय सुजलेले, मळमळ थांबत नव्हती. "द्या भंगारात, बाबा. वाजवायला आहे काय आपल्याकडे?" वडिलांनी पुन्हा विचारलं होतं, "नक्की ना?" आणि ती म्हणाली होती, "नक्की."

मग ठकी झाली. तिला थोपटताना एक दिवस सूनबाईच्या लक्षात आलं की आईचं बोलणं आठवतंय, शब्दन्‌शब्द आठवतोय, पण तो आवाज येत नाहीये. आई तिच्या डोक्यात सूनबाईच्याच आवाजात बोलत होती. तेव्हापासून हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"या फिती कुठून येतात?" तिने विचारलं.

"कुठूनही. भंगारवाले गोणी भरून आणतात. नाव, चिठ्ठी काही उरलेलं नसतं."

मावशीने फळीवरून एक वस्तू काढली. लाकडी मूठ, तिच्या टोकाला जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड बसवलेलं, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला आगपेटीएवढा स्पीकर. "एका कॅसेटचा एक पट्टा विणते मी. ही गाठ दिसते ना? इथे एक माणूस संपला, दुसरा सुरू झाला. फीत तोडत नाही. मागावर ती डावीकडून उजवीकडे जाते, मग वळून परत येते. म्हणून एक ओळ जातानाची, एक येतानाची. हात संथ चालवायचा. घाई केलीत तर चिमणी बोलते, रेंगाळलात तर रेडा."

पहिल्या पट्ट्यात कुणी पुरुष कसलीतरी यादी वाचत होता. दुसऱ्यात पेटी शिकणारं कुणीतरी. उभ्या धाग्याखाली फीत दडली की आवाज तुटायचा, वर आली की पुन्हा उमटायचा. सगळं उचकी लागल्यासारखं. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. "शी! मेलेल्यांची बडबड वाटते हो."

सगळेच मेलेले नसतील, असं मावशी म्हणाली. सूनबाई त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हती. तिने मूठ मागून घेतली आणि तिसऱ्या गाठीपासून हात चालवला.

खरखर. मग एक बाई. नदी... डोंगरात... उगम... चित्रात एक... आणि मागे कुठेतरी करकर, करकर. लाकडाची. ओळीच्या अगदी टोकाला, काठाजवळ, एका लहान मुलीचा आवाज. "आई, अजून किती पानं?"

सूनबाईचा हात थबकला. काठ आला होता. तिने घाईघाईने खालच्या ओळीवर हेड टेकवलं आणि पुन्हा डावीकडून ओढलं. आतून जे आलं ते बोलणं नव्हतं. पाण्याखाली कुणीतरी हाका मारत असावं, आणि प्रत्येक हाक परत गिळली जावी, तसं काहीतरी. ठकी दचकून रडायला लागली.

मावशीने तिचं मनगट धरलं. "इकडून नाही हो, ताई. ही येतानाची ओळ. उजवीकडून."

तिने उजवीकडून हात चालवला.

"झालं... दोनच पानं... भिंगरे, पाय... हलवू नकोस, खुर्ची... वाजते."

शेडमध्ये दुसऱ्या मागाचा खटखटाट चालूच होता. सूनबाई गुडघ्यांवर बसली होती ती तशीच राहिली. तिला भिंगरी म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच होतं.

"किती आहे हा पट्टा?" तिने विचारलं.

"दहा ओळी. ती कॅसेट अर्धीअधिक चुरगळलेली होती. निघाली तेवढी विणली."

"एवढाच पट्टा सोडवून द्याल मला?"

"उसवायला गेलं तर तुकडे होतील. फणीने ठोकून बसवलेली असते." मावशीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. "आणि कापून देणार नाही. वरचे-खालचे सुटतील. त्यांचंही कुणीतरी असेलच की."

मग ती हेडवर बोट फिरवून तिला दाखवत म्हणाली, "हे बघा." बोटाला तपकिरी भुकटी लागली होती. "ऐकाल तेवढं झिजतं. हे सांगितल्याशिवायही मी देत नाही."

सतरंजी घरी आली. मूठ आणि स्पीकर मावशीने उसने दिले. नवऱ्याला सगळं कळल्यावर तो म्हणाला, फोनमध्ये भरून ठेवू, म्हणजे कायमचं झालं. तिसरी ओळ त्याने तशी भरली. वाजवून पाहिली तर नुसती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. नव्या फोनला खरखर चालत नाही, तो कचरा समजून गाळून टाकतो. खरखरीबरोबर आईही गाळली गेली होती. त्याने दोनदा, तीनदा करून पाहिलं, तर सूनबाई ओरडली, "अरे थांब, झिजतेय ती!"

सतरंजी अंगणात गेलीच नाही. मधल्या खोलीत पलंगाशी अंथरली गेली. ठकीने दुपारी डोळे मिटले की सूनबाई मूठ घेऊन बसायची. "ठकीसाठी बघून ठेवते," ती म्हणायची. "तिला आजीचा आवाज ऐकवायचाय. नीट कुठला ऐकू येतो ते बघू दे."

चौथ्या ओळीत आई हसली होती. का हसली ते धाग्याखाली दडलेलं होतं, पण हसणं वर होतं, पुरतं मोकळं. ते एकदा ऐकलं. मग पुन्हा. दुसऱ्या दिवशी सात वेळा. पाचवीत नदीचा गाळ होता, सहावीत चित्र होतं, चित्रात होडी होती आणि होडीत कोण होतं ते ऐकायला तिने ती ओळ इतकी घासली की होडी विरली. हात जरा सरकला की शेजारच्या पट्ट्यातला पुरुष खोकायचा. मग तो हेड न टेकवताही खोकतोय असं तिला वाटायला लागलं. भांडी घासताना, केस विंचरताना. मान वळवली की खोली रिकामी, आणि ठकी पाळण्यात टक्क जागी, सतरंजीकडे बघत.

आठवडाभरात चौथ्या ओळीत हसणं उरलं नाही. नुसता वारा. तिसरीत वारा, पाचवीत वारा. सूनबाईने आठवी वाजवली, मग नववी. तिची बोटं तपकिरी झाली होती, साबणाने जात नव्हती. नववीच्या शेवटी आई म्हणाली, "आता पुढचं..." आणि काठ आला.

तिने दहाव्या ओळीच्या उजव्या टोकाला हेड नेलं, तोच सासूबाईंनी वरून तिचा हात धरला.

"पुरे."

"आई, एकच ओळ राहिलीये. ठकीसाठी..."

"ठकीसाठी, ठकीसाठी म्हणतेस आणि ठकी झोपली की बसतेस!" सासूबाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "एकदा तरी मांडीवर घेऊन ऐकवलंस तिला? सगळी खाऊन टाकलीस बाई तू. एकटीने."

सूनबाई रडली नाही. तिने सतरंजीवर बोट ठेवलं, जिथे आई हसली होती तिथे. तिथली चकाकी गेली होती. बोट उचललं तर त्यालाही भुकटी.

"मीच टाकायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मीच म्हटलं, टाका."

सासूबाई तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या, पहिल्यांदाच. बसताना त्यांनी दहावी ओळ चुकवली. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, ठकी जागी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने मूठ आणि स्पीकर कागदात गुंडाळून नवऱ्याच्या पिशवीत घातले. "मावशींना परत दे. आजच."

"दहावी?"

"नाही वाजवली."

"मग निदान सतरंजी आत तरी राहू दे. बाहेर उन्हाने दोन वर्षांत काही उरणार नाही."

"आत राहिली तर मी मूठ पुन्हा मागून आणीन आणि दोन दिवसांतच संपवीन," ती म्हणाली. "मला ओळखतोस ना तू?"

तिने सतरंजी अंगणात अंथरली. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. ऊन पडलं तशी ती सबंध सतरंजी हलल्यासारखी झाली, पण वारा नव्हता. ठकीला मध्यभागी सोडून सूनबाई आत आली. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते, तिथून पोर दिसत होती. सासूबाई मोरीशी तांदूळ धूत होत्या.

ठकी बाहेर बडबडत होती. बा, बा, दा. रोजचंच. सूनबाईने भाजी चिरायला घेतली. मग तिच्या लक्षात आलं की बडबड रोजची नाही. ठकी थोडं बोलत होती, मग थांबत होती. पुन्हा थोडं, पुन्हा थांबणं. समोरच्याचं ऐकून घ्यावं तेवढंच.

सूनबाईने मान वर केली. ठकी सतरंजीच्या उजव्या काठाशी होती. तिसऱ्या आणि चौथ्या गाठीच्या मध्ये, आईच्या पट्ट्याच्या शेवटच्या, दहाव्या ओळीवर. ती डावीकडे रांगत निघाली होती. एरवी वाऱ्यासारखी सुटणारी पोर आज एकेक गुडघा जपून टाकत होती, रेषा न सोडता, हळूहळू, संथ. अर्ध्यावर ती थांबली. मान तिरकी केली. आणि खळखळून हसली.

सूनबाईने सुरी ओट्यावर टाकली. ती दाराकडे वळली.

"जाऊ नकोस," सासूबाई हळूच म्हणाल्या.

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. चौकटीवर हात टेकून ती थांबली; कानावर फक्त नळाचं पाणी. बाहेर ठकी पुन्हा गुडघा पुढे टाकत होती, काठ अजून हातभर लांब होता.

सासूबाईंनी हात लांब करून नळ बंद केला.