कामाचा हात

"दुखलं की बस म्हणायचं, काका," असे सांगून लाँड्री-कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तापलेली चकती इस्त्रीवाल्याच्या डाव्या तळव्यावर टेकवली.

"बस!" तो लगेच ओरडला.

तीच चकती उजव्या तळव्यावर टेकली, तेव्हा मात्र तो बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिला. मापाचा काटा चढत गेला; शेवटी बाईंनीच चकती उचलली.

"डावा फार लाडावलाय तुमचा!"

"डावं-उजवं मी नाही केलं, बाई. वाफेच्या इस्त्रीनं केलं. बावीस वर्षं हा उजवाच तिच्या तोंडाशी आहे."

गेल्या महिन्यात काही करपल्याचा वास आला, म्हणून त्याने इस्त्रीच्या यंत्राचा वरचा पत्रा उचलला होता; कापड शाबूत होते, करपला होता तो त्याचाच अंगठा. तेव्हापासून कपड्यांच्या घड्या घालण्याच्या टेबलावर बदली व्हावी, एवढेच त्याचे मागणे होते आणि ते सर्वस्वी या तपासणीवर अवलंबून होते.

"उजव्याला जरा कमी दुखतं, बऱ्याच जणांचं असतं तसं," बाई कागद भरत म्हणाल्या. "आणि इथे फक्त कामाच्या हाताचं विचारलंय. दुखतो का?"

"नाही ना! दुखत नाही, हेच तर दुखणं आहे."

बाई हसल्या, मग थबकल्या. "मला कळतंय, काका. पण रकाने दोनच. 'दुखतो'वर खूण केली, तर या आकड्याखाली सही कशी करू?"

"मग पुन्हा टेकवा. या खेपेला ओरडतो."

"आता ओरडून काय उपयोग?"

वस्तुतः ज्या हाताने तक्रार करणेच सोडून दिले, त्याची तक्रार सर्वांत आधी ऐकायला हवी होती. परंतु नियमाला मौन ही संमती वाटते, आणि यंत्राला तर संमतीचीही गरज नसते. कागदावर शेरा पडला : 'वाफेच्या इस्त्रीसाठी विशेष योग्य.'

घरी बायकोने तो दोनदा वाचला.

"विशेष म्हणजे?"

"माझ्यावाचून त्यांचं अडतं."

"अडतं म्हणे! ओरडायला काय झालं होतं? माझ्यावर बरा गळा फुटतो."

"डाव्याला ओरडलो की."

"डाव्याला विचारतंय कोण!"

तो हसला. सकाळी सातची पाळी होती. सहज खाली पाहिले, तेव्हा त्याला दिसले, की त्याचा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला आहे. केव्हापासून, हे विचारण्याचा धीर त्याला झाला नाही.